समलिंगी सहजीवन व विधिनियोजन

परस्परांशी विवाहतुल्य नात्याने एकत्र राहणाऱ्या एकाच लिंगाच्या दोन सज्ञान व्यक्तींनी मालमत्ता, निवास, आजारपणातील देखभाल व मृत्यूनंतरची व्यवस्था यांबाबत हयातीतच कायदेशीर दस्तऐवजांद्वारे केलेली तरतूद म्हणजे समलिंगी सहजीवनाचे विधिनियोजन होय. विवाह झाला की पति-पत्नींना परस्परांचा वारसा, निवृत्तिवेतन, करसवलत, रुग्णालयात निर्णय देण्याची मुभा असे अनेक हक्क एकाच कृतीने प्राप्त होतात. भारतात समलिंगी जोडप्यास विवाह उपलब्ध नसल्यामुळे यांपैकी जे हक्क मिळविता येण्यासारखे आहेत, ते एकेका दस्तऐवजाने स्वतंत्रपणे निर्माण करावे लागतात. असा दस्तऐवज नसेल, तर वीस-पंचवीस वर्षांच्या सहजीवनानंतरही मागे राहिलेला जोडीदार कायद्याच्या दृष्टीने त्रयस्थ ठरतो व ज्या घरात तो राहत आला, त्या घरावरही त्याचा हक्क उरत नाही. प्रस्तुत नोंदीत या नियोजनाची साधने, त्यांच्या मर्यादा व योग्य वकिलाची निवड यांचे विवेचन केले असून अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील, म्हणजे वऱ्हाडातील परिस्थितीचा विशेष विचार केला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी : १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंध हा दीर्घकाळ गुन्हा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीने झालेले खाजगी संबंध या कलमातून वगळले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला. पुढे नवतेजसिंग जोहर खटल्यात ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय एकमताने दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ शी समांतर कलम नाही. गुन्हेगारीचा ठपका दूर झाला, तरी त्यामुळे नात्याला दिवाणी कायद्याची मान्यता मिळाली नाही. सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने सांगितले. विवाहाऐवजी सहजीवनाच्या नोंदणीचा हक्क मान्य करावा, हे मत दोन न्यायाधीशांचे पडले आणि तीन न्यायाधीशांच्या बहुमताने ते अमान्य झाले. याविषयीचा कायदा करणे संसदेच्या अधिकारातील बाब होय, असा या निर्णयाचा आशय आहे. त्यावरील पुनर्विलोकन अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आले. ते फेटाळणाऱ्या पीठाचे प्रमुख अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई हे होते. पारलिंगी व्यक्तीने भिन्नलिंगी व्यक्तीशी केलेला विवाह मात्र प्रचलित विवाहकायद्यांखाली होऊ शकतो, हे याच निकालात स्पष्ट करण्यात आले.

जगात समलिंगी विवाहास प्रथम मान्यता देणारा देश नेदर्लंड्स (२००१) होय. आशियात तैवान (२०१९) व थायलंड (२०२५) येथे कायद्याने असे विवाह होऊ लागले. नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ मधील अंतरिम आदेशानंतर नोंदणीस प्रारंभ झाला. परदेशात झालेला असा विवाह भारतात वारसा वा अन्य कौटुंबिक हक्कांसाठी उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस यवतमाळ येथे एका समलिंगी जोडप्याचा विवाहसमारंभ झाला व त्याची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. अशा समारंभास सामाजिक अर्थ असतो, विधिमूल्य नसते. मुद्रांक कागदावर लिहून नोटरीपुढे केलेल्या ‘विवाहकरारा’चीही हीच स्थिती आहे. नोटरी हा स्वाक्षरीची ओळख प्रमाणित करतो; नाते निर्माण करीत नाही.

मृत्युपत्राविना वारसा : नियोजनाची निकड समजण्यासाठी मृत्युपत्र नसताना काय घडते, हे पाहणे आवश्यक आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. वऱ्हाडातील बौद्ध लोकवस्ती लक्षात घेता हे विशेष महत्त्वाचे ठरते. या कायद्यानुसार अविवाहित पुरुषाची मालमत्ता प्रथम आईकडे, ती नसल्यास वडिलांकडे व त्यानंतर भावाबहिणींकडे जाते. वारसांच्या दूरदूरच्या पायऱ्या कायद्यात दिल्या आहेत, परंतु त्यांत जोडीदारास कोठेही स्थान नाही. कोणीही वारस नसेल, तर मालमत्ता शासनाकडे जाते, तरीही ती जोडीदाराकडे येत नाही. 

स्त्रीच्या बाबतीत एक धोका अधिक आहे. घरच्यांच्या आग्रहाने विवाह झालेली, पुढे पतीपासून वेगळी राहणारी परंतु घटस्फोट न घेतलेली स्त्री मृत्युपत्र न करता निवर्तली व तिला अपत्य नसेल, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम पतीकडे व तो हयात नसल्यास पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणून अशा स्त्रीने पूर्वीच्या विवाहाचा कायदेशीर शेवट करणे ही नियोजनाची पहिली पायरी होय.

मुसलमानांना त्यांचा वैयक्तिक कायदा, तर ख्रिस्ती व पारशी यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. मेळघाटातील कोरकूंसारख्या अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम सर्वसाधारणपणे लागू नाही. तेथे रूढी पाहिली जाते.

मृत्युपत्र : समलिंगी जोडप्याच्या नियोजनातील हा सर्वांत समर्थ दस्तऐवज होय. हिंदू व्यक्ती आपली स्वकष्टार्जित मालमत्ता कोणासही देऊ शकते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील स्वतःचा अविभक्त हिस्साही तिला मृत्युपत्राने देता येतो. संपूर्ण वडिलार्जित शेत मात्र एकट्याने देता येत नाही. आपला हिस्सा कोणता, हे वाटणीने आधी निश्चित झालेले असल्यास पुढील वाद टळतो. मुसलमान व्यक्तीस अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंतच वारसाव्यतिरिक्त व्यक्तीस मृत्युपत्राने देता येते. अधिक द्यावयाचे झाल्यास वारसांची संमती लागते.

हिंदूच्या मृत्युपत्रावर मृत्युपत्रकर्त्याची स्वाक्षरी किंवा अंगठा व किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्रकर्त्यास स्वाक्षरी करताना पाहिलेले असावे किंवा ती आपली असल्याचे त्याच्याकडून ऐकलेले असावे, आणि स्वतःची स्वाक्षरी त्याच्यासमक्ष केलेली असावी. मुद्रांक शुल्क लागत नाही. वाद उद्भवल्यास हयात साक्षीदारांपैकी किमान एकास न्यायालयात साक्ष द्यावी लागते. म्हणून साक्षीदार मृत्युपत्रकर्त्याहून वयाने लहान, स्थायिक व निःपक्षपाती असणे इष्ट. ज्यास लाभ मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये.

नैसर्गिक वारसांना वगळून ‘परक्या’ व्यक्तीस सर्व मालमत्ता देणे, ही बाब न्यायालये काळजीपूर्वक तपासतात. संशयास्पद परिस्थितीत केलेल्या मृत्युपत्राबाबतचा संशय दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली वेंकटचल अय्यंगार खटल्यात विशद केले. यावरून व्यवहारातील काही नियम निघतात. जोडीदाराने मृत्युपत्राचा मसुदा करण्यात, साक्षीदार जमविण्यात किंवा नोंदणीच्या वेळी पुढाकार घेऊ नये. भावाबहिणींना काहीच का दिले नाही किंवा थोडेच का दिले, याचे कारण मृत्युपत्रात साध्या शब्दांत नमूद करावे. मृत्युपत्रकर्ता वृद्ध वा आजारी असल्यास तो शुद्धीवर व विचारक्षम असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्यावे. जोडीदाराचा निर्देश केवळ ‘मित्र’ असा मोघम न करता पूर्ण नाव, वय व पत्त्यासह करावा. नात्याचे स्वरूप किती उघड करावयाचे, हे मृत्युपत्रकर्त्याने ठरवावे. त्याचा उल्लेख असणे किंवा नसणे यावर मृत्युपत्राची वैधता अवलंबून नसते.

नोंदणी ऐच्छिक असली, तरी या जोडप्यांनी ती अवश्य करावी. लहान शहरात दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कायद्याने गुप्ततेची पुरेशी सोय केली आहे. मृत्युपत्राची नोंदणी मालमत्ता असलेल्या तालुक्यातच व्हावी, असे बंधन नाही. अकोल्याच्या रहिवाशास ती नागपूर वा पुणे येथेही करता येते. मृत्युपत्रकर्ता हयात असेतोवर नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल त्यास किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीसच मिळते. याखेरीज मोहोरबंद पाकिटात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची तरतूद १९०८ च्या नोंदणी अधिनियमात आहे. वऱ्हाडातील मालमत्तेविषयी तेथे केलेल्या हिंदूच्या मृत्युपत्रास प्रोबेट घेणे अनिवार्य नाही. मात्र वारसांचा विरोध अपेक्षित असल्यास ते घेणे हिताचे ठरते. मृत्युपत्रात विश्वासू त्रयस्थ व्यक्तीस व्यवस्थापक नेमावे, म्हणजे शोकाच्या काळात जोडीदारास एकट्याने नातेवाइकांना तोंड द्यावे लागत नाही.

बक्षीसपत्र व संयुक्त खरेदी : हयातीतच मालमत्ता देण्याचे साधन म्हणजे बक्षीसपत्र. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह नोंदविलेले असले पाहिजे व देणारा हयात असतानाच ते स्वीकारले गेले पाहिजे. मुसलमानांच्या हिबा या दानप्रकारात कबजा देणे महत्त्वाचे असते. पुढे संबंध तुटले, तरी एकदा दिलेले बक्षीस सहसा परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र केव्हाही बदलता येते. शिवाय महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पति-पत्नी वा अपत्ये यांना बक्षीस देताना केवळ २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत आहे. समलिंगी जोडीदारास ती नाही व खरेदीखताइतके शुल्क भरावे लागते. आयकराच्या दृष्टीनेही जोडीदार ‘नातेवाईक’ नसल्यामुळे वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक मूल्याची भेट मिळाल्यास ती घेणाऱ्याचे उत्पन्न समजली जाते. या भेदास २०२५ साली एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर असा कर नाही.

दोघांनी मिळून घर घ्यावयाचे असल्यास खरेदीखतात दोघांची नावे व प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट लिहावा. तसे न केल्यास ज्याने जितकी रक्कम दिली, त्या प्रमाणात हिस्से धरले जातात आणि बँकेच्या नोंदी नसतील, तर ते सिद्ध करणे अवघड होते. संयुक्त नावावर घर असल्याने एकाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, तो वारसांकडे जातो; म्हणून संयुक्त खरेदीबरोबर दोघांची मृत्युपत्रेही हवीत. भाड्याच्या घराचा लेखी करार दोघांच्या नावे करावा. केवळ एकाचेच नाव असल्यास दुसऱ्यास घर सोडण्यास सांगणे सोपे जाते.

शेतजमीन : कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या वऱ्हाडात कुटुंबाची मुख्य मालमत्ता बहुधा शेती असते, आणि येथेच सर्वांत मोठी अडचण उद्भवते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यावर या प्रदेशासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम करण्यात आला. त्याच्या कलम ८९ अन्वये, काही अपवाद व जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सोडल्यास, शेतकरी नसलेल्या व्यक्तीच्या नावे शेतजमीन विकता, बक्षीस देता किंवा अदलाबदलीने देता येत नाही. मृत्युपत्राचा उल्लेख अशा कलमात स्पष्टपणे नसतो. तथापि याच धर्तीच्या, गुजरातेत लागू असलेल्या कायद्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली शेतकरी नसलेल्या व्यक्तीस मृत्युपत्रानेही शेतजमीन देता येत नाही, असा निर्णय दिला. म्हणून अमरावतीत नोकरी करणाऱ्या, स्वतःची जमीन नसलेल्या जोडीदारास दर्यापूर वा अकोट तालुक्यातील शेत केवळ मृत्युपत्राने देणे धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी जोडीदारास शेतजमीन देता न आल्यास व्यवस्थापकाने ती विकून येणारी रक्कम त्यास द्यावी, अशी पर्यायी तरतूद मृत्युपत्रात करणे शहाणपणाचे होय. जोडीदार स्वतः शेतकरी असल्यास त्याच्या नावाचा सात-बारा उतारा जपून ठेवावा. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ ची बंधने आहेत. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील जोडप्यांनी त्यांचा विचार अवश्य करावा.

मृत्यूनंतर मृत्युपत्राच्या आधारे फेरफार नोंदीसाठी अर्ज केला असता हितसंबंधितांना नोटीस निघते व भाऊबंद आक्षेप घेऊ शकतात. फेरफार ही महसुलापुरती नोंद असते. मालकीहक्काचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयच देते.

नामनिर्देशन : बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, समभाग व गृहनिर्माण संस्था येथे नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती मालक होते, हा समज चुकीचा आहे. ती रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. खरा हक्क मृत्युपत्राने वा वारसाने ठरतो. विम्याबाबत १९८३ साली व समभागांबाबत १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. २०१५ च्या दुरुस्तीने विम्याच्या बाबतीत आईवडील, पति-पत्नी व अपत्ये यांना नामनिर्देशनानेच लाभाचा हक्क मिळाला. समलिंगी जोडीदार त्यात नाही. म्हणून नामनिर्देशन व मृत्युपत्र ही दोन्ही परस्परांशी जुळती असावीत.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांचे नामनिर्देशन करण्यास कोणतीही आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे, असेही केंद्राने त्या सुमारास राज्यांना कळविले. बँक कर्मचाऱ्याने नकार दिल्यास या स्पष्टीकरणाचा हवाला द्यावा. भविष्यनिर्वाह निधीची स्थिती निराळी आहे. १९५२ च्या योजनेत पुरुष सभासदाचे अवलंबून असलेले आईवडील ‘कुटुंबा’त मोडतात आणि कुटुंब असलेल्या सभासदास कुटुंबाबाहेरील व्यक्तीचे नामनिर्देशन करता येत नाही, अशी तरतूद आहे.

आजारपण व अंत्यसंस्कार : सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती हीच उपचारासाठी निर्णायक असते. प्रश्न उद्भवतो तो रुग्ण बेशुद्ध असताना. मुखत्यारपत्र येथे अपुरे पडते. भारतीय कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान गेल्यास किंवा त्याचा मृत्यू झाल्यास ते संपुष्टात येते. त्यामुळे पैशाच्या व्यवहारापुरते मुखत्यारपत्र उपयुक्त असले, तरी गरज सर्वाधिक असते त्याच वेळी ते निरुपयोगी होते. मुखत्यारपत्रावर घराची ‘खरेदी’ केल्यासही मालकी मिळत नाही, हे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

यावर दोन उपाय आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलेले व २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सुलभ केलेले वैद्यकीय पूर्वनिर्देशपत्र हा पहिला उपाय. त्यात बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कृत्रिम जीवनाधार चालू ठेवावा की नाही, याची इच्छा नमूद करता येते व आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती नेमता येते. दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे लागते. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे व कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी. दुसरा उपाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातील. त्याच्या कलम १४ अन्वये कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर स्वाक्षरी करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते व मानसिक आजाराच्या उपचारात अशा प्रतिनिधीस नातेवाइकांपेक्षा अग्रक्रम मिळतो. या दोहोंच्या मधल्या प्रसंगांसाठी, उदा., अपघातानंतरच्या शस्त्रक्रियेसाठी, स्वतंत्र कायदा नाही. तेथे ‘माझ्या आजारपणात अमुक व्यक्तीस माहिती द्यावी व तिचा सल्ला घ्यावा’ असे दोन साक्षीदारांसह लिहिलेले पत्र रुग्णालयास बंधनकारक नसले, तरी बहुधा उपयोगी पडते. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदारास मृतदेह ताब्यात देण्याविषयी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना कळविले आहे. नातेवाईक हजर असल्यास मात्र अग्रक्रम त्यांचाच राहतो.

अपत्ये : दत्तकविधानाच्या २०२२ च्या विनियमांनुसार दोघांनी मिळून दत्तक घेण्यासाठी किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक संबंध असावे लागतात, म्हणून समलिंगी जोडप्यापैकी एकासच एकल पालक म्हणून दत्तक घेता येते व एकल पुरुषास मुलगी दत्तक मिळत नाही. दुसऱ्या जोडीदाराचे अपत्याशी कायदेशीर नाते निर्माण होत नाही. अशा वेळी हिंदू पालकाने मृत्युपत्राद्वारे जोडीदारास अपत्याचा पालक नेमून ठेवावे. अपत्याचे हित पाहून त्याविषयी अंतिम निर्णय न्यायालय घेऊ शकते.

सहजीवनाचा करार : खर्चाची विभागणी, कर्जाचे हप्ते, घरातील वस्तूंची मालकी व विभक्त झाल्यास हिशेब कसा करावा, यांविषयी दोघांनी लेखी करार करावा. मालमत्ता व पैसा यांपुरताच हा करार अंमलात आणता येतो. एकत्र राहण्याची किंवा निष्ठेची हमी न्यायालय अंमलात आणीत नाही. त्यामुळे करारात व्यावहारिक बाबीच असाव्यात.

वकिलाची निवड : इंग्लंडप्रमाणे ‘सॉलिसिटर’ हा स्वतंत्र वर्ग वऱ्हाडात नाही. तो मुंबईच्या परंपरेचा भाग आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानंतर सर्व वकिलांचा एकच वर्ग मानला जातो. अमरावती व अकोला येथे असे दस्तऐवज दिवाणी व महसुली काम करणारे वकील करतात. दस्तलेखक व नोटरी यांची मदत लेखन व साक्षांकन यांपुरतीच घ्यावी. छापील नमुन्यातील मृत्युपत्र या प्रसंगी अपुरे असते.

येथील खरी अडचण कायद्याची नसून परिचयाची असते. शहर लहान, घराण्याचा वकील वडिलांच्या व काकांच्या जमिनीचेही काम पाहत असतो. उद्या वाद झाला, तर ज्यांच्याशी तो होणार, त्यांचाच तो वकील असतो. म्हणून समलिंगी जोडप्याने कुटुंबाशी व्यावसायिक संबंध नसलेला वकील शोधावा. आवश्यक वाटल्यास दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा उच्च न्यायालयाचे खंडपीठ असलेल्या नागपूरचा. अशिलाने व्यवसायाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीविना उघड करण्यास वकिलास कायद्याने मनाई आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये हे संरक्षण आहे व ते काम संपल्यावरही चालू राहते. हे ठाऊक असल्यास अशील मोकळेपणाने बोलू शकतो, आणि अर्धवट माहितीवर केलेला मसुदा पुढे घातक ठरत नाही.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने निवड चौकशीनेच करावी लागते. पहिल्या भेटीत पुढील गोष्टी विचाराव्यात : वादग्रस्त मृत्युपत्रांची प्रकरणे त्याने चालविली आहेत काय, विदर्भाच्या शेतजमीन कायद्याचा त्याला अनुभव आहे काय, आपल्या नातेवाइकांपैकी कोणी त्याचे अशील आहे काय, शुल्क किती व कोणत्या कामाचे. नात्याविषयी उपदेश करू लागणाऱ्या वकिलाकडे पुन्हा जाण्याचे कारण नाही. दोघांपैकी एकाची मालमत्ता बरीच अधिक असल्यास दोघांनी वेगवेगळ्या वकिलांचा सल्ला घ्यावा. त्यामुळे एकाने दुसऱ्यावर दडपण आणले, हा आक्षेप पुढे टिकत नाही.

खर्च परवडत नसल्यास १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्थापन झालेल्या जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना उत्पन्नमर्यादेत मोफत विधिसाहाय्य मिळते. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाशी संलग्न असते.

कुटुंबाच्या विरोधात संरक्षण : घर सोडून एकत्र राहणाऱ्या जोडप्याविरुद्ध, विशेषतः दोन मुली असल्यास, आईवडील हरवल्याची किंवा अपहरणाची तक्रार देतात, असे अनेकदा घडते. सज्ञान व्यक्तीस आपल्या पसंतीच्या ठिकाणी राहण्याचा हक्क आहे. डांबून ठेवल्यास जोडीदारास नागपूर खंडपीठापुढे बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. अशा अर्जांत न्यायालयांनी कसे वागावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : व्यक्तीची इच्छा तिच्याशी एकांतात बोलून जाणून घ्यावी, आणि तिचा लैंगिक कल बदलण्यासाठी समुपदेशनाचा वापर करू नये. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विवाह हाच कुटुंब निर्माण करण्याचा एकमेव मार्ग नसल्याचे सांगून स्वतः निवडलेल्या कुटुंबाची संकल्पना मान्य केली. घर सोडण्यापूर्वी जन्मदाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रे, आधार व बँकेची कागदपत्रे स्वतःजवळ घ्यावीत. वय सिद्ध करणारा दाखला अशा वेळी सर्वांत महत्त्वाचा असतो.

क्रम व मर्यादा : सर्व दस्तऐवज एकदम करणे शक्य नसते. प्रथम वैद्यकीय पूर्वनिर्देशपत्र व नामनिर्देशने, नंतर मृत्युपत्र, त्यानंतर घराचे हक्क व शेवटी शेतजमिनीची व्यवस्था, हा क्रम सोयीचा आहे. पहिल्या दोहोंस खर्च अल्प लागतो व संकट आल्यास तीच प्रथम उपयोगी पडतात. घर घेतल्यावर, नोकरी बदलल्यावर किंवा कुटुंबात मृत्यू घडल्यावर सर्व कागद पुन्हा तपासावेत. मूळ दस्तऐवज कोठे आहेत, हे दोघांखेरीज एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावे.

दस्तऐवजांनी सर्व उणिवा भरून निघत नाहीत. कुटुंब-निवृत्तिवेतन, विभक्त झाल्यावर निर्वाहखर्च, अपत्यावर संयुक्त पालकत्व व पति-पत्नींमधील संभाषणास साक्षीच्या कायद्यात असलेले संरक्षण हे हक्क कोणत्याही कराराने निर्माण करता येत नाहीत. सुप्रियो खटल्यात दिलेल्या आश्वासनानुसार केंद्र शासनाने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या कामातून बँक खाते व शिधापत्रिका यांसारख्या प्रशासकीय सोयी मिळू लागल्या. वारसा व निवृत्तिवेतन यांसाठी मात्र संसदेचा कायदाच लागेल. तोपर्यंत समलिंगी जोडप्याच्या सहजीवनाला कायद्यात जे स्थान मिळेल, ते त्या दोघांनी वेळीच केलेल्या कागदांपुरतेच राहील.